मागचे दोन

सकाळी स्वप्नात क्रांतीनं हाक मारली आणि उदयसिंह दचकून जागा झाला, कारण आवाज तिचा नव्हता. चेहरा तिचाच होता, पदर कमरेला खोचायची तऱ्हा तिची होती, हातात दुधाची चरवी होती. पण तोंडातून निघालेला आवाज टीव्हीवर बातम्या देणाऱ्या कुठल्याशा बाईचा होता, धुऊन इस्त्री केलेला. स्वप्नाचं काय एवढं मनावर घ्यायचं, असं म्हणत तो अंथरुणात उठून बसला आणि त्यानं खरा आवाज मनात आणायला घेतला, तर तो येईना. 'अवो' हा शब्द आला, तो म्हणताना होणारा ओठांचा आकार आला, आवाज तेवढा आला नाही. एखाद्याचं नाव जिभेवर येऊन अडतं, तसंही हे नव्हतं. तिथं काहीच नव्हतं. आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. क्रांती आत होती, चांगली धडधाकट, चालतीबोलती. चालती, अशी त्यानं मनातल्या मनात दुरुस्ती केली. गेल्या उन्हाळ्यात मिरजेला तिचं ऑपरेशन झालं होतं. गळ्यातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचवायचा तर दुसरा इलाजच नव्हता. आता ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायची, त्यावर जाळीचा पांढरा रुमाल बांधायची आणि घरातली सगळी कामं पहिल्यासारखी उरकायची. ऑपरेशनला आत नेण्याआधी ती त्याच्याशी शेवटचं बोलली होती. काय बोलली ते त्याला चांगलं आठवत होतं: "म्हशीची पेंड भिजत घालाय इसरू नका." हे शेवटचं वाक्य, आणि ते कुठल्या आवाजातलं, ते गेलं. तिच्या गळ्यातला आवाज डॉक्टरांनी काढला, ठीक. पण त्याच्या डोक्यातला कुणी काढला?

दुपारच्या आधी क्रांती वारणानगरला बहिणीकडं निघाली. उंबऱ्यावर उभी राहून तिनं हाताच्या खुणेनं सांगितलं, संध्याकाळच्या धारेपर्यंत येते, आणि गोठ्याकडं बोट दाखवून दोनदा मान हलवली. म्हणजे मोनाकडं लक्ष ठेवा. मोना म्हणजे म्हैस. हे नाव त्यांच्या मुलानं, राजवीरनं, शाळेत असताना ठेवलं होतं आणि ते कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत आता कुणालाच हसण्याजोगं वाटत नव्हतं. ती गेली आणि उदयसिंहनं चोरासारखं दार लावून घेतलं. तिच्या देखत हे शोधायचं म्हणजे नुसतं जखमेवर बोट ठेवणं. तिनं विचारलं असतं, काय शोधताय, आणि तो काय सांगणार होता? तुझा आवाज मी हरवलाय म्हणून? मोबाइलमध्ये तिचे फोटो होते, आवाज नव्हता. मोबाइल समोर धरला की ती पदर तोंडाला लावून आडोशाला जायची, आणि फोनवर बोलायचं तर 'हां', 'बरं', 'ठेवतो' या तीन शब्दांत तिचं संभाषण संपायचं. लग्नाची कॅसेट त्यानं मागंच डीव्हीडीवर उतरवून घेतली होती, पण ती काढणाऱ्या फोटोग्राफरनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वर गाणी चिकटवली होती. उखाणा घेताना तिचे ओठ हलत होते आणि सनई वाजत होती. मुलाच्या बारशाचं तेच, वास्तुशांतीचं तेच. सगळ्या समारंभांतून क्रांती ओठ हलवत फिरत होती. त्याला वाटलं, हे आत्ताचं नव्हेच. ही पहिल्यापासूनच अशी बिनआवाजाची चालत आलीय आणि आपण आत्ता कुठं बघतोय.

खरं तर ती मुळातच अबोल, असं तो तीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता, आणि त्यात कौतुकही असायचं. तिचे वडील, हंबीरराव, पक्षाचे जुने कार्यकर्ते. लाल बावटा खांद्यावर घेऊन गावोगाव भाषणं ठोकत फिरले, मुलीचं नाव क्रांती ठेवलं, आणि घरात पाचही भावंडं एकाच वेळी बोलणारी. त्या घरातून बायको करून आणताना मित्रांनी त्याला भीती घातली होती, लेका, आता तुझा कारखान्यातला भोंगा घरी आला म्हणून समज. तो स्वतः साखर कारखान्याच्या मिल हाउसला होता. उसाचा रस काढणारे लाटे दिवसरात्र गडगडायचे, तिथं एकमेकांशी बोलायचं म्हणजे कानाला तोंड लावून ओरडायचं, आणि सुट्टी झाली तरी तासभर कानात ती गडगड राहायची. घरी येऊन तो खुर्चीत बसायचा, तोंड टीव्हीकडं, पाठ स्वयंपाकघराकडं. टीव्हीचा आवाज मोठा, त्याचा स्वतःचा त्याहून मोठा. राजवीर बारावीला असताना त्याच्या हट्टानं होम थिएटर आणलं, टीव्हीखाली मीडिया प्लेअरचा काळा डबा आला, पुढं तीन स्पीकर, भिंतीशी एक धमधम करणारा मोठा, मागं दोन. मग काय विचारता, सिनेमात बॉम्ब फुटला की शेजारची तानाबाई घरामागच्या परड्यात येऊन विचारायची, "काय पाडालाईसा रं आतनं?" आणि या सगळ्या गदारोळात क्रांती मागच्या बाजूला असायची. मागच्या बाजूला म्हणजे स्वयंपाकघर, मागचं दार, त्याला लागून गोठा. तिथून काही आवाज आल्याचं त्याला आठवत नव्हतं. आता तर शंका यायला लागली होती, की आवाज विसरायला तो मुळात ऐकलेला तरी असावा लागतो.

पेन ड्राइव्हची आठवण त्याला देवापुढच्या कपाटातली डीव्हीडी परत ठेवताना झाली. राजवीर पुण्यात ध्वनिमुद्रणाचं शिकायला गेला होता, आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीत घरी आला तो माइकची बॅग घेऊनच. म्हणाला, कॉलेजात द्यायचंय, आपल्या घराची एक सकाळ रेकॉर्ड करणार. सिनेमात जसा चहूबाजूंनी आवाज येतो तसा. उदयसिंह त्यावर पोट धरून हसला होता. घराची सकाळ म्हणजे काय, कुकरच्या शिट्ट्या! एवढं शिकून पोरगा शिट्ट्या टिपतोय! राजवीर जाताना एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून गेला, पप्पा, कधीतरी निवांत ऐका म्हणाला, आणि कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं निवांत बसलेल्या माणसाला ते ऐकायला निवांतपणा मिळाला नव्हता. त्यानं आता तो पेन ड्राइव्ह डब्याच्या कडेला खुपसला. पडद्यावर फाइलचं नाव आलं, त्यानं बटण दाबलं आणि खुर्चीत न बसता टीव्हीसमोर उभा राहिला. पंखा फिरत होता. समोरचा बंद होता, हा त्या दिवसाचा पंखा होता. कागद फडफडला. कुणीतरी खाकरलं, आणि ते खाकरणं त्याचंच होतं. बराच वेळ तेच. मग लांबून कुणाच्या तरी मोटरसायकलचा आवाज, पुन्हा कागद. त्याचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं, पण असं, की शेजारच्या खोलीत कुणीतरी उशीत तोंड घालून बोलतंय. क्रांती कुठंच नव्हती. त्यानं आवाज वाढवत नेला, पुढं ढकललं, मागं आणलं. ती अख्खी सकाळ तिच्याशिवाय झाली होती. आपल्या पोटच्या पोरानंसुद्धा तिला वगळावं याचा त्याला असा संताप आला, की त्यानं तडक पुण्याला फोन लावला.

"आवाज येईना झालाय," तो म्हणाला.

"कशाचा, पप्पा?" राजवीर कामावर असावा, मागं माणसं बोलत होती.

"तू केलतास न्हवं, दिवाळीत. घरातलं."

पलीकडं दार लागल्याचा आवाज आला आणि मागची माणसं बंद झाली. "आजच का ऐकालाय?"

"आसंच. बसलोय रिकामा." आणि मग त्याला ते धरून ठेवता आलं नाही. "हिचा आवाज सापडंना झालाय रं, राजवीर. डोस्क्यातनं गेला. तू हिला घेतलंच न्हाइस व्हय त्यात?"

"घेतलंय की," राजवीर म्हणाला. "आई त्यात सगळ्यात जास्त हाय. पप्पा, थांबा. गडबड करू नका. मी सांगतो तसं करा."

मग पुण्याहून पोरगा सांगत गेला आणि कोल्हापुरात बाप रिमोट घेऊन तसं करत गेला. सेटिंगमध्ये जा. ऑडिओ आउटपुट. तिथं काय लिहिलंय? स्टिरिओ. मग बरोबर हाय, तो डबा पुढचे दोनच आवाज उचलालाय आणि बाकीचे सोडून देतोय, लाइट जाऊन आली की असं होतंय, सराउंड करा. उदयसिंहनं केलं. समोरच्या मधल्या स्पीकरमधून एकदम त्याचा स्वतःचा आवाज इतका मोठ्यांदा उसळला, की तो दोन पावलं मागं सरला. "चेअरमनला काय कळतंय, डोंबल!" हे तो बोलला होता, दिवाळीच्या त्या सकाळी फोनवर, कुणाशी ते देवाला ठाऊक. आयुष्यभर ज्या आवाजात आपण जगलो तो हा असा, फुगलेला, सगळं माहीत असल्यासारखा. त्याला स्वतःचीच लाज वाटली. "आता मी आलोय, मी," तो फोनवर म्हणाला, "ही कुटाय?" राजवीर म्हणाला, आई मागच्या दोनांत असणार. त्यानं समजावून सांगितलं: तीन माइक हॉलमध्ये लावले होते आणि दोन मागच्या दारात, गोठ्याकडं तोंड करून, कारण सकाळची आई तिथंच असती. ज्याचा आवाज जिथला, तिथंच त्याचा स्पीकर. मध्ये काही मिसळलं न्हाय. पुढचं पुढं, मागचं मागं. कॉलेजात मार्कसुद्धा त्याचेच मिळाले. "ते मागचं दोन वाजालेत का बघा. रिमोटवर टेस्टचं बटण हाय, ते दाबा आणि हॉलच्या मधोमध उभं ऱ्हावा." उदयसिंह मधोमध उभा राहिला. डावीकडून एक कोरडी खरखर आली, थोडा वेळ थांबली आणि सरकून मधे आली. मग उजवीकडं गेली. कुणीतरी न दिसणारं माणूस भिंतीला हात घासत आपल्याभोवती फिरतंय, असं त्याला वाटलं आणि अंगावर काटा आला. आता ते मागं येणार म्हणून त्यानं मान वळवली. मागं काहीच वाजलं नाही. मागं नुसती रंगवलेली भिंत आणि तिच्यावर कारखान्याचं कॅलेंडर. त्या शांततेत गोठ्यातून मोना हंबरली. खरखर पुन्हा डावीकडं आली, मधे, उजवीकडं, मागं गप्प, आणि मोना पुन्हा हंबरली.

"मागं स्पीकरच न्हाइत," तो म्हणाला.

"न्हाइत म्हणजे? मी स्वतः लावलेत, पप्पा. कुटं गेलं?"

घरात वर्षानुवर्षं बसूनही पाठीमागच्या भिंतीवर काय आहे नि काय नाही, हे त्याला माहीत नव्हतं. खरखर फिरतच होती. तिसऱ्यांदा मोना हंबरली तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि फोन खुर्चीवर टाकून तो स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडं धावला. राजवीर तिकडं पप्पा, पप्पा करत राहिला.

गोठ्यात पत्र्याखाली, मोनाच्या गव्हाणीच्या वर, दोन्ही तुळयांना दोन स्पीकर सुतळीनं बांधलेले होते. पेंडीच्या पोत्याचा तुकडा कापून त्यांना टोपरं घातलं होतं, पाऊस लागू नये म्हणून, आणि समोरची जाळी तेवढी मोकळी ठेवली होती. वायर भिंतीच्या कडेनं, चुलीच्या धुरानं काळी झालेली, खिडकीतून आत गेलेली. दोन्हींतून आळीपाळीनं खरखर येत होती आणि मोना एकदा इकडं, एकदा तिकडं कान फिरवत होती. उदयसिंहनं कपाळावर हात मारून घेतला, कारण आता त्याला आठवलं. हॉल रंगवायला काढला होता, ऑपरेशनच्या आदल्या वर्षी, गणपतीच्या आधी. रंगाऱ्यानं मागचे दोन स्पीकर उतरवून ठेवले होते आणि क्रांती येऊन काहीतरी म्हणाली होती. दूध संघाच्या शिबिरात कुण्या डॉक्टरनं सांगितलंय, धारेच्या वेळी जनावराच्या कानावर गोड आवाज पडला की ते दूध चोरत नाही, सगळं सोडतं; तर हे दोन मी गोठ्यात घेऊ का. आणि तो क्रिकेट बघत होता आणि म्हणाला होता, "घे की." मान न वळवता. म्हणजे त्याला तिचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं, फक्त ते टाइप केल्यासारखं आठवत होतं. तेव्हापासून त्यानं समोर बसून जे जे पाहिलं, त्याची मागची बाजू ही म्हैस ऐकत आली होती. तो लढाया बघायचा, आणि हिच्या कानावर लांबचे घोडे पडायचे. तो मारामाऱ्या बघायचा, आणि इथं नुसता पाऊस, कावळे, गर्दीच्या टाळ्या, न दिसणाऱ्या माणसांची कुजबुज. सिनेमावाल्यांनी माणसाच्या पाठीमागं ठेवलेलं सगळं जग या पत्र्याखाली येऊन पडत होतं आणि त्याखाली बसून क्रांती धार काढत होती. हसावं की रडावं ते त्याला कळेना. त्यानं नुसता गव्हाणीला हात टेकला. आपल्या घराला ही एवढी मागची बाजू आहे, हे कळून तो थक्क झाला होता.

आत जाऊन त्यानं टेस्ट बंद केली, पेन ड्राइव्हवरची सकाळ पहिल्यापासून लावली आणि परत गोठ्यात आला. ऊन कललं होतं, धारेची वेळ होत आली होती, पण तिचं येणं वगैरे त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. आधी मुंग्यांसारखी बारीक सळसळ झाली. मग चरवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, त्याच्या उजव्या हाताला, इतका जवळ की त्यानं खाली पाहिलं. तिथं शेण आणि वैरणीच्या काड्या होत्या. आणि मग ती बोलली.

"सरक की गं बया. पाय दे हिकडं. व्हय, कळतंय, डास हायत. काल धूर केल्ता का न्हाय तुला? लगीच कुटं जातंय ते."

हाच. जरा घोगरा, नाकातून थोडा, वाक्याच्या शेवटाला वर चढणारा, वाळल्या चिपाडासारखा चरचरीत. या आवाजाला तो विसरला होता? हा तर कानात, हाडात, घरातल्या भिंतींत होता. तो डोळे मिटून उभा राहिला आणि आवाज त्याच्या डाव्या कानाकडून उजव्या कानाकडं गेला, कारण ती चालली होती. तिनं पाणी ओतलं, कास धुतली, चरवीत पहिली धार पडली आणि तिचा तो टिणटिण सूर हळूहळू भरून येत गेला. मोना मान वर करून, कान ताठ करून स्पीकरकडं बघत होती. आणि घरातून, हॉलच्या बाजूनं, लांबून एक बाप्या ओरडत होता: "चेअरमनला काय कळतंय, डोंबल!"

"ऐकलंस?" क्रांती मोनाला म्हणाली. "चेअरमनला कळत न्हाय म्हणं. ह्यास्नी कळतंय. परवा म्हटलं मिठाचा डबा द्या, तर देव्हाऱ्यात हुडकालेत." आणि ती हसली. नाकातून सूं करत सुरू झालेलं, मग आवरता न आलेलं हसू. हे हसणं तर त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. पुढ्यात ती ओठ मिटून हसायची. ती अबोल होती म्हणे! ती बोलतच होती. हौसेनं, अखंड, तालात, चरवीतल्या धारेवर ठेका धरून बोलत होती. बहिणीच्या सुनेचं बाळंतपण, तानाबाईच्या परड्यातला तो फणस, राजवीर जेवत नाही, पुण्याच्या पाण्यानं वाळून चाललाय, बापाच्या सभा, लहानपणी स्टेजमागं झोपून गेलेली ती आणि पुढं हजारभर माणसांचा गलका. म्हणायची, मोना, तुला सांगतो, माणसं समोर बसल्यावर बोलाय येत न्हाय मला, पाठीमागनं सगळं येतंय. तेवढ्यात हॉलमधल्या बाप्याचा फोनवरचा आवाज आला, "आमच्यात काय, मंडळी गरीब हाय. तोंडातनं शब्द काढत न्हाय," आणि इकडं धारेचा आवाज थांबला. "गरीब म्हणं," ती म्हणाली. "सांग बया, तूच सांग त्यास्नी. सकाळधरनं डोस्कं खाल्लंय न्हवं मी तुझं?" आणि धार पुन्हा सुरू झाली.

उदयसिंह त्या दोन आवाजांच्या मधे उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या जागेवर उभा राहून स्वतःला ऐकत होता, ती ऐकायची तसा: भिंतीपलीकडं, पाठ करून बसलेला, जगाशी बोलणारा एक माणूस. आणि त्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला इथं उत्तर मिळत होतं. तो खाकरला की ती म्हणायची, घसा बसलाय, हळद-दूध द्यायला पायजे. तो कुणावर ओरडला की ती म्हणायची, बीपी वाढवून घेत्यात उगीच. एका मोठ्या संभाषणाचा अर्धा भाग आपण जन्मभर बोलत आलो आणि उरलेला अर्धा इथं मागं रोज, रोज पडत राहिला, हे त्याला कळलं, आणि त्याला दुःख व्हायच्या आधी थक्कच व्हायला झालं. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात होतं! रात्री आकाशाकडं बघताना लहानपणी छातीत जसं मोकळं, भीतीदायक काहीतरी व्हायचं, तसं त्याला त्या शेणाच्या वासात, पत्र्याखाली होत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

मोनानं मान वळवली म्हणून त्यानंही वळवली. मागच्या दारात क्रांती उभी होती. प्रवासाची साडी, खांद्याला पिशवी, गळ्याला पांढरा रुमाल. कधीपासून उभी होती कोण जाणे. "मी..." तो म्हणाला, "न्हवं, ते राजवीरचं... बंद करतो, थांब," आणि आत जायला वळला, तसा तिनं त्याचा दंड धरला. तिचा चेहरा त्याला वाचता येईना. ती त्याच्याकडं नाही, वर तुळईकडं बघत होती, मान एका बाजूला कलती करून. आपल्या लेकराचं पाठांतर ऐकणाऱ्या बाईसारखी, चुकतंय का, पुढचं येतंय का. वरच्या क्रांतीनं एक शिवी दिली, जनावराला देतात ती, आणि खालच्या क्रांतीनं लाजून तोंडावर पदर घेतला. मग तिनं मोनाच्या कासेकडं बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. ऑपरेशनपासून मोना दुधाला आखडली होती, तासभर चोळलं तरी निम्मं चोरायची, डॉक्टर झाले, पेंड बदलून झाली. आता चारही सडांतून थेंब थेंब दूध आपोआप जमिनीवर पडत होतं. मोना वर बघत होती आणि तिला पान्हा फुटला होता. क्रांतीनं पिशवी खुंटीला अडकवली, चरवी ओढली, खाली बसली आणि धार काढायला लागली. तिचे हात चालायला लागले तसे तिचे ओठही चालायला लागले. वर आवाज होता, खाली ओठ होते, आणि त्या दोहोंचं मुळीच जमत नव्हतं, कारण ती वरचं म्हणत नव्हती. ती आजचं सांगत होती. वारणानगरचं, बहिणीचं, एसटीतल्या गर्दीचं. तिनं बोलणं सोडलंच नव्हतं. ऑपरेशननंतरसुद्धा रोज ती इथं येऊन मोनाला सगळं सांगत आली होती, आणि ते तरी त्याला कुठं माहीत होतं? तो गव्हाणीच्या कडेनं वळसा घालून तिच्या पुढच्या बाजूला आला आणि वैरणीच्या पेंढीवर उकिडवा बसला, तोंड तिच्याकडं करून.

"अवो, चहा ठेवू का?" वरच्या स्पीकरमधून क्रांतीनं घरात हाक टाकली. हॉलमध्ये कागद फडफडला. "अवो, चहा ठेवतो, घेणार न्हवं?" कागद. मग आवाज खाली करून मोनाला: "बघ हां आता. तिसऱ्यांदा इचारतो." आणि पुन्हा जोरात, लांब, शेवटाला वर चढत गेलेलं, "अवो, च्याऽऽ?" हॉलमधला माणूस उत्तर देत नव्हता. धारेचा आवाज येत होता, वरूनही आणि खालूनही.

"ऱ्हाऊ दे," उदयसिंह वरती बघून मोठ्यांदा म्हणाला. "तू बस. मी ठेवतो."

खालची क्रांती थबकली. तिचे खांदे हलायला लागले, गळ्यावरचा रुमाल सूं सूं करत फडफडला, आणि तिला हसू आवरेना. तो उठला, मागच्या दारातून आत जायला निघाला, तेवढ्यात तिनं चरवीवर टिचकी मारली म्हणून त्यानं वळून तिच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ हलले. साखर कमी घाला, पाक करू नका. कुठंही काही वाजलं नव्हतं, पण उदयसिंहला ते तिच्याच आवाजात ऐकू आलं.